हेडाऊ बाईंच्या हेर बायका

२८ जुलै. वरच्या मजल्यावरचा कूलर आज एकदाचा उतरवला. हेडाऊ बाई डिसेंबरात गेल्या. त्यांच्या भाच्याला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, तो राहतो पुण्याला, त्यामुळे किल्ली आणि काम दोन्ही माझ्याकडे. गेल्या उन्हाळ्याचं गवत जाळ्यांमध्ये तसंच कुजलेलं होतं. मागच्या जाळीतलं गवत उपसताना हाताला प्लास्टिकची घट्ट बांधलेली पुडी लागली. सोडून पाहिली. आत हळकुंडं.

ही पुडी मी कधीतरी एक अख्खा रविवार शोधली होती. बाईंनी पैज लावली होती. मी पोलीस, त्या फरार, घरात एक पुडी दडवलेली, ती मी काढून दाखवायची. मी तांदळाचे डबे पालथे केले, गादी उलटली, देव उचलले, संडासाच्या टाकीत हात घातला. मधूनमधून दमून कूलरसमोर बसत होते. संध्याकाळी हरले, तरी त्यांनी जागा सांगितली नाही. फक्त म्हणाल्या, "झडती घेणारा जिथं थंड हवा खाते ना सरोज, तिथं तो हात घालत नाही." मला वाटलं, त्या पंख्याबद्दल बोलत आहेत. मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसून आले.

पुढे त्यांच्या एका पुस्तकात ही जागा वाचली. रंगूनमधला गोरा अधिकारी, त्याच्या बंगल्यातले वाळ्याचे पडदे, आणि त्या पडद्यांवर पाणी मारायला येणारी बाई. तिचे गुप्त कागद त्याच्याच पडद्यात. तेव्हाही मला कूलर सुचला नाही. दर उन्हाळ्यात गवत बदलताना बाई ती पुडी पुन्हा आत ठेवत असणार.

बाई कादंबऱ्या लिहायच्या. विषय ठरलेला: महायुद्धाच्या काळात शत्रूच्या नाकाखाली काम करणाऱ्या हेर बायका. एक पुस्तक पॅरिसवर, एक वॉर्सावर, दोन रंगूनवर. स्वतः मात्र त्या नागपूरच्या बाहेर फारशा गेल्या नव्हत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलं, निवृत्त झाल्या आणि लिहायला बसल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर "रात्रपाळी" एवढंच उत्तर असे.

वाचनालयांत त्यांची पुस्तकं झिजेपर्यंत फिरायची. मुखपृष्ठावर दर वेळी पिस्तूल रोखलेली बाई. त्यावरून प्रकाशकाशी भांडण ठरलेलं. माझ्या एकाही बाईच्या हातात पिस्तूल नाही, कळशी आहे, असं त्या फोनवर सांगत. तो म्हणे, कळशी कोण विकत घेईल?

त्यांची माझी ओळख मी त्यांना पकडल्यामुळे झाली. आमचं लकडगंजात लाकडाचं दुकान आहे, पुढे प्लायवूड आणि मागे आरा मशीन. एका दुपारी मी इतवारीत मसाल्याचं सामान घेत होते. एक उंच, सावळी, चष्मेवाली बाई मिरचीवाल्याकडे माझ्या मागे होती. धण्याच्या दुकानात होती. बांगडीवाल्याच्या आरशातही दिसली. मी बोळात वळले, थांबले, आणि ती वळल्याबरोबर विचारलं की काय पाहिजे. ती अजिबात गडबडली नाही. पिशवी खाली ठेवली आणि उत्सुकतेने विचारलं, "तुम्हाले मी पहिल्यांदा कुठं दिसली? मिरचीवाल्याजवळ का त्याच्या आधी?"

मी मिरचीवाला म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. म्हणजे फक्त तिथपर्यंतच जमलं होतं. मग समजलं, त्याच आठवड्यात ती आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती, आणि आपल्या नव्या शेजारणीचा तिला कळू न देता माग काढता येतो का हे तिला पाहायचं होतं. परत येताना आम्ही एकाच रिक्षात आलो. भाडं तिने दिलं, कारण चूक तिची होती असं ती म्हणाली. चूक म्हणजे मागे येणं नव्हे. सापडणं.

बाईंची कामाची रीत ही अशी होती. जे स्वतः करून पाहिलं नाही ते पानावर येणार नाही. कागद अंबाड्यात लपवायचा असेल तर तो अंबाड्यात घालून त्या बाजार करून येत. खरं तर कागद टोचतो, मान अवघडते, आणि बाई डोकं वळवायला घाबरते. मग त्यांची हेर डोकं न वळवता संपूर्ण शरीर वळवायची, आणि तेवढ्यावरून पकडली जायची. हे असलं काही मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

पॅरिसच्या पुस्तकात मात्र मी एक चूक काढली. त्यांची हेर भाजीवालीशी घासाघीस करते आणि शेवटी कोथिंबीर फुकट मागते. मी म्हटलं, बाई, पॅरिसमध्ये कोण कोथिंबीर फुकट मागेल? त्यांनी क्षणभर विचार केला. कोथिंबीर नसेल तर दुसरी कोणती तरी काडी मागत असतील, पण मागतच असतील, लढाईत तर नक्कीच, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पुढच्या आवृत्तीत कोथिंबीर कायम राहिली.

लग्नाचा किस्सा तर आमच्या इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात अनोळखी बाई किती आत जाऊ शकते, हे त्यांना पाहायचं होतं. लकडगंजातल्या एका मंगल कार्यालयात त्या हातात हळदीची परात घेऊन घुसल्या. कोणाचं लग्न, माहीत नाही. चेहऱ्यावर फक्त घाई ठेवली. दारावरच्या माणसाने बाजूला होऊन वाट दिली. जिन्यावर एका काकाने, चपला काढून जा, इतकंच सांगितलं. त्या थेट नवरीच्या खोलीत पोहोचल्या. तिथे नवरीच्या आईने त्यांना वरून खाली पाहिलं, त्यांच्या हातातली परात घेतली आणि दागिन्यांचा डबा त्यांच्या हातात देऊन म्हणाली की ताई, इथून हलू नका, मी फोटोवाल्याला पाहून येते.

बाई घामाघूम. हलता येईना, थांबता येईना. शेवटी नवरीच्या मावशीला शोधून डबा तिच्या हवाली केला, वर तिलाच झापलं की असा डबा कोणाच्याही हाती देतात का, आणि परात तिथेच सोडून बाहेर पडल्या. परात माझी होती. ती परत आली नाही. बाईंनी नवी आणून दिली. "कामात असलेल्या बाईले कोणी अडवत नाही वं," असं त्या त्यानंतर नेहमी म्हणायच्या.

ऐकणं हा त्यांचा दुसरा छंद. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर कानाला यंत्र लावल्यामुळे असेल, पण जिन्यात कोण चढत आहे ते त्या दार न उघडता सांगत. गॅसवाला, दूधवाला, माझे यजमान. यजमान दर दोन पायऱ्यांवर थांबून श्वास घेतात हे मला त्यांनीच सांगितलं. मी यजमानांना डॉक्टरकडे नेलं, गोळी सुरू झाली. बाईंनी त्याचं कौतुक करून घेतलं नाही. चढण्याचा आवाज सुधारला, एवढीच नोंद दिली.

मला त्यांच्याबद्दल एकाच गोष्टीचं कुतूहल होतं. तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, गल्लीत त्यांचं मूळ घर. आजोबा हातमागावर बसायचे, वडिलांनी माग सोडून रेल्वेत नोकरी धरली आणि क्वार्टरमध्ये राहायला गेले. बेचाळीसच्या चळवळीत त्या गल्लीत लोक लपले होते, पत्रकं वाटली गेली होती, हे सगळ्यांना माहीत. लढाईचाच काळ. मग ही बाई पॅरिस-रंगून कशाला फिरते? आपल्या गल्लीवर का लिहीत नाही? एकदा विचारलं. त्या चहा ठेवायला उठल्या, आणि चहा ठेवून बाहेर आल्यावर वेगळंच काहीतरी बोलल्या.

त्याच सुमारास मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीतली एक हुशार मुलगी त्यांना भेटायला आली. तिला मित्रमंडळींबरोबर वेब सिरीज करायची होती. तिने गल्लीचा विषय स्वतःहून काढला. तिच्या डोक्यात कल्पना अशी की कोष्ट्याच्या घरची बाई लुगड्याच्या काठात निरोप विणते आणि ते लुगडं नेसून पोलिसांसमोरून जाते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "काठात अक्षर विणाले किती वेळ लागते माहीत आहे? तोवर ज्याले निरोप द्यायचा तो फाशी जाईल." मुलगी म्हणाली, मग खरं काय करत होते? बाई म्हणाल्या, "माग बंद करत होते."

मुलगी गेल्यावर मी उठले नाही. त्या दिवशी त्यांनी सांगितलं.

त्यांची आत्या अनसूया. बेचाळीस साली विशीच्या आतबाहेरची. सुताच्या व्यापाऱ्याकडून सूत आणायचं आणि विणलेली लुगडी पोचवायची, हे घरचं काम तिच्याकडे. त्या गाठोड्यातून ती पत्रकं नेई. पुण्याकडचा एक तरुण, वकिलाचा मुलगा, तेव्हा गल्लीत लपला होता. शेजारच्या गणपतच्या घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत. भिंतीच्या अलीकडे गणपतचा माग. गणपत मागावर बसला की त्याला पुढच्या दारातून गल्ली दिसे. अनसूयाने खूण ठरवून दिली होती: पोलीस दिसले की गणपत माग थांबवेल. आवाज बंद पडला की मागच्या खोलीतल्याने निघायचं. हे फक्त तिघांना माहीत. ती, गणपत आणि तो.

श्रावणातल्या एका सकाळी तो तरुण गल्लीच्या तोंडाशी पोलीस जमादाराच्या हाती सापडला. दुपारपर्यंत गणपतला उचललं. गणपत तुरुंगात आजारी पडला आणि तिथेच गेला. अनसूयाला कोणी हात लावला नाही, कारण त्या दोघांनी तिचं नाव घेतलं नाही. गल्लीने याचा उलटा अर्थ लावला. दोघं पकडले गेले, ही कशी वाचली? त्यातून काही दिवस आधी जमादाराने तिला रस्त्यात थांबवून गाठोडं पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं, हेही लोकांनी पाहिलेलं. ठरलं की तिनेच सांगितलं. पुढे स्वातंत्र्य आलं, पण हळदीकुंकवाचं बोलावणं तिला गल्लीतून कधी आलं नाही. ती म्हातारी होऊन गेली. खुणेपर्यंतचं सगळं तिने भाचीला सांगितलं होतं, पण त्या सकाळचं विचारलं की एकच वाक्य बोलायची, "म्या कोणाचं नाव नाही घेतलं." त्यापुढे गप्प.

आता गल्लीतल्या समाजभवनात बेचाळीसच्या लोकांच्या नावांचा दगड बसणार होता. बाईंनी समितीला आत्याचं नाव सुचवलं. समितीचे लोक चांगले होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की चंद्रभागा काकू हो म्हणाली तर. ही काकू म्हणजे गणपतची धाकटी बहीण. भाऊ गेला तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. आता पंच्याऐंशी ओलांडलेली. गल्लीत तिचा शब्द चाले. आणि तिने उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं: फितुराचं नाव माझ्या भावासोबत नको.

"मले तिचं नाव त्या दगडावर पाह्यजे," बाई म्हणाल्या. "पण खोटं लिहून नको." इतकी वर्षं त्या परदेशांत हिंडल्या ते यासाठीच असावं, असं मला तेव्हा वाटलं. घरातल्या गोष्टीत पुढचं पान त्यांना सापडत नव्हतं.

अडचण त्यांच्या मते मागाची होती. माग दिवसात दहादा थांबतो. कांडीवरचं सूत संपतं, धागा तुटतो, माणूस पाणी प्यायला उठतो. मग भिंतीमागच्या माणसाला खरं थांबणं आणि रोजचं थांबणं यातला फरक कसा कळणार? खूण मुळात चालते का, हेच त्यांना कळत नव्हतं. तेव्हा आता ते करून पाहायचं.

नागपुरात हातमाग शोधून मिळेना. शेवटी उमरेडला त्यांच्या दूरच्या नात्यातल्या एका घरी एक चालू माग निघाला. मीच त्यांना गाडीने सोडून आले. बरोबर एक पिशवी, उशी आणि पित्ताच्या गोळ्या. घरच्या लोकांना वाटलं, पाहुणी माग पाहायला आली आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी मागाकडे पाठ फिरवली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. घरचे चक्रावले. बाईची तब्येत बरी आहे का, असं त्या घरच्या सुनेने मला हळूच फोन करून विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे, त्या अशाच आहेत, वेळेवर जेवायला द्या.

रोज संध्याकाळी मला त्यांचा अहवाल येई. कांडी बदलायचं थांबणं लहान असतं आणि विणणारा त्यात गुणगुणतो. धागा तुटला की आधी शिवी येते, मग शांतता. जेवणाआधी भांडी वाजतात. दोन-तीन दिवसांत कान तयार झाला, असं त्या खुशीत म्हणाल्या. म्हणजे खूण चालत होती. म्हणजे गणपतने चुकून थांबवला आणि तरुण पळाला, असंही नाही. त्या पुन्हा अडकल्या.

नंतर एके दिवशी सकाळीच फोन आला. मी दुकानात बिल करत होते. आवाज इतका हलका होता की मला वाटलं काही झालं.

त्या दिवशी पहाटेपासून माग सुरूच झाला नव्हता. थांबला नव्हता. सुरूच झाला नव्हता. बाई अंधारात बसून वाट पाहत होत्या. पुढच्या खोलीत पावलं, दबकं बोलणं, मग पुरुष घराबाहेर पडल्याचा आवाज. मग बायका गेल्या. मग काहीच नाही. "मले माहीत होतं सरोज, की मी उमरेडले आहे, पंखा सुरू आहे, मोबाइल उशाशी आहे. तरी माहा हात चपलेकडे गेला. मी दार उघडून अंगणात उभी होती." तेवढ्यात सून वारुळाची पूजा करून परत आली आणि हातावर लाह्या ठेवून म्हणाली की आत्याबाई, आज नागपंचमी, आज मागावर पाय ठेवत नाहीत.

कोष्ट्याचा माग खड्ड्यावर असतो, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. नागपंचमीला त्या खड्ड्यात पाय घालत नाहीत, त्याची पूजा करतात. पुरुष आखाड्यात कुस्त्या पाहायला जातात, बायका वारुळाला दूध घेऊन. गल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. क्वार्टरमध्ये वाढलेल्या बाईंना ठाऊक नव्हतं. तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत, एवढं त्यांच्या घरी पाळत, पण माग घरातून गेला त्याबरोबर मागाचा नियमही गेला. आणि पुण्याकडच्या वकिलाच्या मुलाला तर कोठून ठाऊक असणार? अंधाऱ्या खोलीत त्याला तिथीही कळत नसेल. तो पकडला गेला ती श्रावणातली सकाळ पंचमीचीच असणार. अनसूयाने त्याला सगळं समजावलं होतं. पंचमीचं तेवढं सांगितलं नाही, कारण ती सांगायची गोष्ट आहे असं तिच्या मनातच आलं नाही.

"म्हणून ती गप्प होती," बाई फोनवर म्हणाल्या. "फितुरीले नाही म्हणता येते. विसरल्याले काय म्हणायचं?"

मी विचारलं, आता काय करणार? त्या म्हणाल्या, काकूला सांगणार. मी म्हटलं, काकूला हे ऐकून राग आला तर? त्या म्हणाल्या, येईलच.

समाजभवनात त्यांनी एका रविवारी दुपारी सांगितलं. समितीचे चारजण, काकू, तिची सून, आणि मी, कारण गाडी माझी. बाईंनी लिहिलेली पानं आणली होती, पण ती उघडली नाहीत. खूण काय होती, कोणाकोणाला माहीत होती, त्या सकाळी काय झालं असेल, सगळं ओळीने सांगितलं. आवाज एक्स्चेंजमधला, एकसारखा, कुठे चढ नाही की उतार नाही.

काकू प्लास्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. संपल्यावर म्हणाली, "तू कादंबऱ्या लिहितेस वं. हे बी त्यातलंच कायवरून नसन?"

बाई म्हणाल्या, असू शकते. माझ्याजवळ पुरावा नाही.

समितीतला एकजण घसा साफ करून काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, तेवढ्यात काकूने हात वर केला. ती बाईंकडे पाहत नव्हती. भिंतीकडे पाहत होती.

"तो मले दिसला होता," ती म्हणाली. "मी ओट्यावर बसून लाह्या खात होती. सगळे आखाड्यात गेलते, माय वारुळाले. हा आतून आला, पायात काही नाही. मले इचारते, पोलीस कोणत्या बाजूनं आले? मी म्हटलं, कोणते पोलीस? अन् मी हासली. तो रस्त्याकडे पळाला. थ्या कोपऱ्यावर जमादार रोजच्यासारखा पान खात उभा होता."

समितीतल्या त्या माणसाने हळूच विचारलं की काकू, हे इतकी वर्षं काहून नाही सांगतलं.

"कोणी इचारलं? मले वाटलं, येडा होता."

मग ती बाईंकडे वळली. "म्हंजे अनसूयानं सांगतलं नाही."

"नाही."

"पण पंचमीचं सांगाचं राहून गेलं."

"राहून गेलं."

"मंग माहा भाऊ तर गेलाच ना."

"गेला," बाई म्हणाल्या.

मी बाईंना ओळखत होते, तरी मला वाटलं की आता या काहीतरी मऊ बोलतील. त्या बोलल्या नाहीत. काकूनेही वाट पाहिली नाही. सुनेकडून पाणी मागून घेतलं, सावकाश प्याली आणि समितीला म्हणाली, "लिहा तिचं नाव. पण माह्या भावाच्या खाली लिहा. बाजूले नाही."

बाईंनी मान हलवली. पर्समधून पेन काढलं आणि पुढे झुकून विचारलं, "काकू, लाह्या ज्वारीच्या होत्या का साळीच्या?"

"ज्वारीच्या. गूळ नव्हता. लढाई होती ना."

त्या दिवसापासून काकू बाईंची परीक्षक झाली. गल्लीवरच्या नव्या कादंबरीचं प्रत्येक प्रकरण तिला वाचून दाखवायचं, आणि तिने चुका काढायच्या. गणपत असा नव्हता बोलत. माय असं लुगडं नव्हती नेसत. गल्लीत तेव्हा विहीर होती, ती कुठे गेली? बाई घरी येऊन कुरकुरत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. प्रकाशकाने शेवट बदलायचा आग्रह धरला होता. नायिका पोलिसांच्या गोळीने पडावी, असं त्याचं म्हणणं. बाईंनी तो तसाच ठेवला: अनसूया वारुळाहून रिकामा तांब्या घेऊन परत येते, गल्ली शांत आहे, आणि गल्ली शांत आहे हे तिला पहिल्यांदाच ऐकू येतं. तिथे पुस्तक संपतं. ते या जूनमध्ये आलं. मुखपृष्ठावर पिस्तूल आहेच.

मी बाईंना धडधाकट असं शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरात. दुकानाच्या काउंटरवर होते. समोरच्या गर्दीत एक ई-रिक्षा अडकलेली, आत बाई आणि काकू. वारूळ लिंबाखाली होतं की बाभळीखाली, यावर दोघींचं वाजलं होतं आणि त्या जागा पाहायला निघाल्या होत्या. आता तिथे तीन मजली इमारत आणि मोबाइलचा टॉवर आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं. काकू हातवारे करून सांगत होती. बाईंनी हात कानामागे धरला होता, मान तिच्याकडे कललेली, डोळे मिटलेले. मी हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. मग रिक्षा सुटली.

कूलर धुऊन पालथा घातला, हात धुतले आणि हे लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं, उद्याच पंचमी.

२९ जुलै. सकाळी लवकर दुकानात गेले. आमच्याकडे आज लाकूड कापत नाहीत, सासऱ्यांपासूनची रीत आहे, आरा बंद असतो आणि जुनी माणसं येतच नाहीत. नवा मिस्त्री बिहारचा, बायकोसह मागच्या खोलीत राहतो, तीन-चार आठवडेच झालेत. त्याची आधीची मिल अशीच एका सकाळी कोणाला न सांगता बंद पडली होती. तो मशीनजवळ उभा होता, अंगात बाहेर जायचा शर्ट. बायको दारात. मी म्हटलं, आज नागपंचमी है, आज हमारे यहाँ लकडी नही कटती, कल सुबह मशीन चालू. त्याने विचारलं, "कल पक्का?" मी म्हटलं, पक्का. मग तिथेच स्टूल ओढून बसले आणि वर्षातले बाकीचे बंदचे दिवस सांगायला लागले. पोळा सांगितला, तान्हा पोळा सांगितला, अमावास्येला मालक उशिरा येतात ते सांगितलं. दसऱ्यापाशी तो हसला. "दशहरा तो मालूम है, भाभीजी."

म्हटलं, मालूम है तो भी सुनो.